काय वाचून घ्यावे, काय पाहून घ्यावे

लिखित मजकूर वाचकापुढे एकाच वेळी पसरलेला असतो. व्हिडिओ क्षणाक्षणाने पुढे सरकतो आणि सरकलेला क्षण पडद्यावर उरत नाही. माहिती घेण्याच्या या दोन मार्गांतले बाकीचे बहुतेक फरक या एका फरकातून निघतात. कोणता मार्ग जलद, कोणता सोपा, कशाने जास्त लक्षात राहते, याची उत्तरे म्हणूनच सरसकट देता येत नाहीत. माहिती कोणत्या जातीची आहे आणि ती घेताना गतीचा लगाम कोणाच्या हाती आहे, यावर ती अवलंबून असतात.

वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नाही. तो एका जागी क्षणभर ठरतो, उडी मारतो, पुन्हा ठरतो. पॅरिसचे नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९च्या सुमारास ही गोष्ट नोंदली गेली. पुढच्या शंभर वर्षांत उपकरणे सुधारली तशी मोजमापे नेमकी होत गेली. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. सराईत वाचकाच्याही शंभर उड्यांपैकी दहा ते पंधरा उड्या मागे, आधी वाचलेल्या शब्दांकडे जातात. वाक्य अवघड झाले की थांबे लांबतात आणि मागे जाणे वाढते. सोपे असले की डोळा लहानसहान शब्द ओलांडून पुढे निघतो. वाचकाला यातले काहीच जाणवत नाही, मजकूर तेवढा कळत जातो. व्हिडिओत हेच काम करायचे तर बोट उचलून मुद्दाम मागे जावे लागते, आणि तेवढे कष्ट फार थोडे लोक घेतात. निवेदक अवघड वाक्य आणि सोपे वाक्य जवळजवळ एकाच गतीने बोलून मोकळा होतो.

गतीचा हिशेब

वाचन लवकर आटोपते, व्हिडिओत वेळ जातो, अशी एक समजूत आहे. तिच्या नेमकी उलट समजूतही तितकीच पसरलेली आहे. बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये १९० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून इंग्रजीतील माहितीपर मजकुराच्या मूक वाचनाची सरासरी गती मिनिटाला २३८ शब्द अशी काढली. व्याख्यानातले बोलणे मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास चालते. म्हणजे तासाभराच्या व्याख्यानात सुमारे नऊ हजार शब्द, आणि तेवढा मजकूर वाचायला अडतीस मिनिटे. मराठीत शब्द लांब असल्याने आकडे वेगळे येतात, पण मूक वाचन बोलण्याच्या पुढे राहते हे घड्याळ लावून कोणालाही पाहता येईल.

हा फायदा मात्र व्हिडिओची गती वाढवून भरून काढता येतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना रोमन साम्राज्य आणि मालमत्तेचे मूल्यांकन या विषयांवरची छोटी व्याख्याने वेगवेगळ्या गतीने दाखवली गेली. दुप्पट गतीपर्यंत आकलनात फारसा फरक पडला नाही. अडीच पटीला मात्र घसरण दिसली. दोन्ही विषय कथनाचे होते, सूत्रांचे किंवा सिद्धतेचे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये आज इतिहासापासून अंकगणितापर्यंत सगळे व्हिडिओ सरसकट दुप्पट गतीने पाहिले जातात. इतिहासाला ते चालून जाईल. अंकगणिताला चालणार नाही, कारण तिथे एका पायरीवरून दुसरीवर जाताना मध्ये विचार करायला जागा लागते आणि वाढवलेली गती नेमकी तीच जागा खाते.

वाचनाचा खरा वेळ वाचतो तो वगळण्यात. मराठी विश्वकोशाचे वीस खंड कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. अकारविल्हे नोंद काढायची, मथळ्यांवर नजर टाकायची, हवा तो परिच्छेद गाठायचा, एवढ्यात काम होते. संकेतस्थळावर असेल तर शब्द टंकून थेट त्या ओळीवर जाता येते. व्हिडिओत मोठा भाग प्रस्तावनेत जातो आणि नेमकी माहिती कुठे आहे ते आधी कळत नाही. म्हणून ज्याला एकच गोष्ट हवी आहे, एखादी तारीख, एखादे प्रमाण, एखाद्या शब्दाचा अर्थ, त्याने व्हिडिओकडे वळूच नये. व्हिडिओखालच्या वर्णनात मिनिटांनिशी विभाग दिलेले असतील, किंवा बोलण्याचा लिखित उतारा उघडता येत असेल, तर गोष्ट वेगळी. यूट्यूबवर अनेक व्हिडिओंच्या वर्णनात तळाशी असा उतारा उघडण्याची सोय असते. त्यातल्या ओळीवर बोट ठेवले की व्हिडिओ त्याच क्षणावर जातो. ही सोय फार उपयोगाची आहे आणि ती असूनही बहुतेकांना माहीत नसते, याची हळहळ वाटते.

अटी, आकडे, मुदती

चालू क्षणी माणूस मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो, याला मर्यादा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये ती सातच्या आसपास मांडली. नेल्सन कोवान यांनी २००१मध्ये ती चारच्या आसपास आणली. नवी माहिती या तुटपुंज्या जागेत धरायची, तिचा आधीच्या ज्ञानाशी मेळ घालायचा आणि त्याच वेळी पुढचे वाक्य ऐकायचे, ही कसरत व्हिडिओ पाहताना सतत चालू असते. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओझ्याचा पुष्कळ अभ्यास केला. लांब आणि गुंतागुंतीचे विधान बोलून सांगितले तर ते निसटते, लिहून दिले तर हाती राहते, असा त्यांच्या कामाचा एक निष्कर्ष आहे. छोट्या विधानांना हा तोटा होत नाही.

अटी, अपवाद, आकडे आणि मुदती असलेली प्रत्येक माहिती त्यामुळे वाचून घेण्याची आहे. विमा पॉलिसी, भाडेकरार, कर्जाची कागदपत्रे, औषधाच्या मात्रा, परीक्षेची जाहिरात, शासन निर्णय, हे सगळे याच वर्गात येते.

महाराष्ट्रातले एक अगदी जवळचे उदाहरण घेता येईल. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. त्यात वयाची अट २१ ते ६० वर्षांची होती, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये, पाच एकरांहून अधिक शेतजमीन नसावी अशी एक अट, अधिवास प्रमाणपत्राची मागणी आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत. लगोलग गावोगावच्या फोनवर व्हिडिओ फिरू लागले. काही दिवसांतच बदल झाले. वयोमर्यादा ६५ वर, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत, जमिनीची अट रद्द, आणि अधिवास प्रमाणपत्र नसेल तर १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी काहीही चालेल असे ठरले. आधी निघालेले व्हिडिओ मात्र जुन्याच अटी सांगत राहिले. त्रेसष्ट वर्षांच्या बाईने तो पहिला व्हिडिओ पाहिला असता तर तिने अर्जच केला नसता.

व्हिडिओ करणाऱ्याने खोटे सांगितलेले नव्हते. त्या दिवशी ते खरेच होते. पण एकदा केलेल्या व्हिडिओत मधले वाक्य बदलता येत नाही, आणि पाहणाऱ्यालाही तो कोणत्या तारखेचा आहे याकडे लक्ष द्यायची सवय नसते. शासन निर्णयाच्या डोक्यावर क्रमांक आणि दिनांक असतो, संकेतांक असतो, आणि आधीच्या निर्णयात बदल असेल तर त्याचा संदर्भ पहिल्याच भागात दिलेला असतो. भाषा रुक्ष असते हे मान्य. तरीही पात्रता, अपात्रता आणि कागदपत्रे हे तीन परिच्छेद शोधून वाचले तर पुरतात. अर्ज भरताना संगणकावर कुठे काय दाबायचे, यासाठी मग व्हिडिओ जरूर पाहावा; तिथे तो मजकुरापेक्षा सोयीचा पडतो. अट कागदावरून घ्यावी, रीत पडद्यावरून.

मजकूर कागदावर वाचावा की पडद्यावर, हाही प्रश्न इथे येतो. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा आणि १,७०,०००हून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर थोडा अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढतो, असे त्यात दिसले. कथा-कादंबरीला असा फरक आढळला नाही. सही करण्यापूर्वी वाचायचा करार छापून घ्यावा, एवढा व्यवहार त्यातून निघतो. रोजच्या बातम्यांसाठी कागद खर्च करण्याचे कारण नाही.

हाताचे काम

जे हलते, जे ऐकू येते, जे हातांनी करायचे असते, तिथे लेखणी थकते. उकडीच्या मोदकाचे प्रमाण शब्दांत बिनचूक सांगता येते. पिठी किती, पाणी किती, चमचाभर तूप, चवीपुरते मीठ, आधण आले की पिठी वैरायची आणि झाकण ठेवून वाफ आणायची. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७०मध्ये आले आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्या त्यातल्या वाट्या-चमच्यांच्या मापांवर स्वयंपाक शिकल्या, ते प्रमाण नेमके लिहिले होते म्हणून. पण पारी हातावर घेतल्यानंतर कळ्या कशा पाडायच्या? अंगठा आत, दोन बोटे बाहेर, चिमटीत धरून किंचित वर ओढायचे, त्याच वेळी डाव्या तळहातावर मोदक थोडा थोडा फिरवायचा, आणि शेवटी सगळ्या कळ्या एकत्र आणताना वरचे जास्तीचे पीठ खुडून टाकायचे. हे वाक्य वाचून ज्याने कधी मोदक वळलेला पाहिला नाही त्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ते दाखवतो.

टिम होफलर आणि डेटलेव्ह लॉयटनर या जर्मन संशोधकांनी २००७मध्ये २६ अभ्यासांची छाननी केली. स्थिर चित्रांपेक्षा हलती चित्रे सरस ठरतात, आणि हा सरसपणा हाताने करायच्या कृतींच्या बाबतीत सर्वांत ठळक असतो, असे त्यांना आढळले. फेटा बांधणे, नऊवारी नेसणे, सायकलचे पंक्चर काढणे, तबल्यावर बोट कुठे पडते, परक्या भाषेतला उच्चार, हे सगळे पाहून-ऐकूनच घ्यावे.

द्राक्षबागेत ही दोन्ही माध्यमे शेजारी शेजारी लागतात. नाशिक पट्ट्यात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. काडी किती डोळ्यांवर कापायची, कात्रीचा कल कसा धरायचा, जाड काडी आणि बारीक काडी यांत फरक कसा करायचा, हे अनुभवी माणसाचा हात पाहिल्याशिवाय उमगत नाही. छाटणीनंतर मारायच्या बोर्डो मिश्रणाचे मात्र उलट आहे. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे प्रमाण लिहून भिंतीवर लावण्याचे आहे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. तो तांबूस रंग नेमका कसा दिसतो हे पुन्हा डोळ्यांनी पाहण्याचे. एकाच कामात प्रमाण लिखित, खूण दृश्य. शेतीवरच्या बहुतेक व्हिडिओंत प्रमाण बोलण्याच्या ओघात एकदाच सांगितले जाते, ही त्यांची मोठी उणीव आहे. पाहणाऱ्याने ते लिहून घ्यावे आणि औषधाच्या वेष्टनावरच्या मजकुराशी ताडून मगच वापरावे.

हलते चित्र प्रत्येक वेळी चांगलेच, असेही नाही. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा वाद माणसे हजारो वर्षे घोडे पाहत असूनही सुटला नव्हता. १८७८मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून एकामागून एक स्थिर छायाचित्रे घेतली तेव्हा तो सुटला. पाय उचललेले असतात, आणि तेही पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार तोवर ते पुढे-मागे ताणलेले रंगवत आले होते. वेगाने घडणारी क्रिया समजून घ्यायची तर ती थांबवावी लागते. रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये वीज कशी पडते, मोटारीचे ब्रेक कसे लागतात, समुद्राच्या लाटा कशा उठतात, संडासाची टाकी कशी रिकामी होते, हे एका गटाला निवेदनासह ॲनिमेशनने आणि दुसऱ्याला कागदावरच्या आकृत्या व मजकुराने शिकवले. एकाही कसोटीत ॲनिमेशन सरस ठरले नाही. काहींत कागदच पुढे गेला. यंत्र कसे चालते हे समजून घ्यायला टप्प्याटप्प्याच्या चार आकृत्या पुष्कळदा पुरतात, कारण दोन आकृत्यांमध्ये काय घडले असेल हे वाचकाला स्वतः जुळवावे लागते आणि समजणे त्या जुळवण्यात होते.

सोपे वाटते तेव्हा

इस्रायली मानसशास्त्रज्ञ गॅव्रिएल सॉलोमन यांनी १९८४मध्ये सहावीतल्या मुलांना एकच कथा, काहींना दूरचित्रवाणीवर आणि काहींना छापील स्वरूपात दिली. पाहणे सोपे आणि वाचणे अवघड, असे मुलांचे मत होते. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांनी मनाचे श्रम अधिक केले आणि कथेतून निष्कर्ष काढण्यात ते पुढे राहिले. माध्यमाचा दोष यात थोडा, माध्यमाबद्दलच्या समजुतीचा मोठा. हे सोपे आहे असे मनात धरून बसले की लक्ष सैल पडते.

हातकामात हा धोका आणखी वाढतो. शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना टेबलावरच्या भांड्यांखालून कापड झटक्यात ओढून काढण्याची करामत, मूनवॉक नाच, डार्ट फेकणे अशा गोष्टींचे व्हिडिओ एकदा किंवा वीसवीसदा दाखवले गेले. जितक्या वेळा पाहिले तितके 'आपल्याला जमेल' हे वाटणे वाढले. प्रत्यक्ष जमणे वाढले नाही. जगलिंगची साधने नुसती हातात धरायला दिली तेव्हा मात्र हा फुगवटा उतरला. हातात वस्तू घेतल्याशिवाय आपल्याला काय येत नाही ते समजत नाही.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचे प्रशिक्षण हे याचे चांगले उदाहरण. प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचे, हे वाचून पाठ होते. व्हिडिओ पाहून लय कानात बसते. पाच सेंटिमीटर खोल दाबायला किती जोर लागतो हे या दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी प्रशिक्षणातल्या पुतळ्यावर हात ठेवावाच लागतो. कोणताही हातकामाचा व्हिडिओ पाहायला बसताना साहित्य समोर मांडून बसावे आणि दोन-तीन मिनिटांच्या प्रत्येक टप्प्यानंतर ते करून पाहावे. सगळा व्हिडिओ संपवून मग सुरुवात करण्याची पद्धत वाया जाते.

थांबवून पाहणे

व्हिडिओचा मूळ दोष, म्हणजे गती दुसऱ्याच्या हाती असणे, पाहणाऱ्याला बऱ्याच अंशी दूर करता येतो. मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१मध्ये वीज कशी पडते यावरचे सुमारे अडीच मिनिटांचे ॲनिमेशन सोळा तुकड्यांत तोडले आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जाण्याचे बटण शिकणाऱ्याच्या हाती दिले. मजकूर तोच, चित्रे तीच. तरीही नव्या प्रश्नांना उत्तरे देण्यात हा गट सलग पाहणाऱ्यांच्या पुढे गेला. अडीच मिनिटांच्या ॲनिमेशनमध्ये एवढा फरक पडतो, तर तासाभराच्या व्याख्यानात किती पडेल याचा अंदाज करता येतो.

थांबल्यावर नुसते बसायचे नसते. कार्ल स्पुनार, नोवाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांच्या २०१३मधल्या प्रयोगात संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे व्याख्यान चार भागांत दाखवले गेले. ज्यांना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी द्यावी लागली त्यांचे मन कमी भटकले, त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि शेवटच्या भागातले त्यांना अधिक आठवले. घरी चाचणी घेणारा कोणी नसतो. पाच-सहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवून, पडद्याकडे न पाहता, आत्ता काय सांगितले ते दोन वाक्यांत लिहावे. लिहिता आले नाही तर तेवढा भाग पुन्हा पाहावा. यात व्हिडिओचा वेळ दीडपट होतो, आणि तो खर्च करण्याची तयारी नसेल तर त्या व्हिडिओकडून करमणुकीपलीकडे फार अपेक्षा ठेवू नये.

वाचनालाही हाच नियम लागू पडतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्याने मात्र, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे होते. ओळींखाली रेघा मारत तिसऱ्यांदा वाचणे अंगवळणी पडलेले असते आणि त्यातून अभ्यास झाल्याचे समाधानही मिळते. ते समाधान परीक्षेच्या दिवशी कामाला येत नाही.

बोलणे आणि तेच शब्द पडद्यावर लिहिलेले, असे दोन्ही एकत्र असेल तर काय करावे? ज्याला भाषा चांगली येते त्याच्यासाठी ती दुहेरी छापील पट्टी ओझे ठरते; डोळा चित्र सोडून अक्षरांकडे धावतो. भाषा परकी असेल, उच्चार अनोळखी असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर पट्टी चालू ठेवावी.

ज्यांना वाचन जड जाते

आतापर्यंतचे विवेचन सराईत वाचकाला धरून झाले. ज्याला अक्षर लावत वाचावे लागते त्याची सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यातच जाते आणि अर्थासाठी काही उरत नाही. त्याच्यासाठी व्हिडिओ हा पहिला दरवाजा आहे आणि तो उघडा ठेवणे न्यायाचेच आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग भारतात याच विचाराने झाला. महाराष्ट्रात शालेय मुलांसाठी पुण्यात १९८४मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. त्या काळच्या प्रक्षेपणाला थांबवण्याची सोय नव्हती. जे निसटले ते निसटले.

पुढे २००६पासून डिजिटल ग्रीन या उपक्रमात शेतकऱ्यांनीच केलेले छोटे व्हिडिओ गावात गट जमवून दाखवले जाऊ लागले. गावातलाच एक जण मध्येमध्ये व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारी, कोणी काय करून पाहिले याची नोंद ठेवी. कर्नाटकातल्या सुरुवातीच्या चाचणीत नव्या पद्धती अंगीकारणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या कृषी विस्तारापेक्षा सहा-सात पट भरले. या यशात थांबवणाऱ्या माणसाचा वाटा पडद्याइतकाच मोठा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा नुकते वाचू लागलेल्या मुलाला व्हिडिओ दाखवताना शेजारी बसून हेच काम करता येते.

व्हिडिओ वाचनाकडे परत नेऊही शकतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले बोल दाखवण्याची कल्पना लावून धरली. गाणे पाठ असते, पुढचा शब्द कोणता येणार हे ठाऊक असते, आणि डोळा आपसूक त्या अक्षरांवरून फिरतो. नवसाक्षर प्रौढांसाठी आणि दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी मराठी गाणी अशी बोलांसह लावणे हा घरबसल्या होणारा वाचनाचा सराव आहे. पाठ्यपुस्तकांत छापलेल्या क्यूआर संकेतांवरून दीक्षा मंचावरचे व्हिडिओ उघडतात, तेव्हाही आधी व्हिडिओ आणि लगेच तोच धडा मोठ्याने वाचणे, हा क्रम मुलांना मानवतो. मुलांसाठी सुरुवात पाहण्याने झाली तरी शेवट पानावर झाला पाहिजे, नाहीतर वाचनाचा सराव मागे पडत जातो आणि पुढच्या इयत्तांत तो भरून काढणे कठीण होते.

टिपण

नवा विषय असेल तर आधी एक छोटा, दहा मिनिटांच्या आतला व्हिडिओ पाहून विषयाचा आकार समजून घ्यावा, मग मजकूर नीट वाचावा, आणि वाचताना जिथे डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही तेवढ्यासाठी पुन्हा व्हिडिओकडे यावे. विषय आधीपासून परिचयाचा असेल तर सरळ वाचावे. जाणकाराला व्हिडिओ बहुधा संथ वाटतो.

टिपण घेताना मजकुराचा पान क्रमांक लिहितात तसा व्हिडिओचा मिनिट-सेकंद लिहावा. व्हिडिओ कोणी केला, कोणत्या तारखेला, आणि सांगणाऱ्याने स्वतः कशाचा आधार दिला, या तीन गोष्टी पहिल्या ओळीत असाव्यात. आधाराचा कागद दिलेला असेल तर तो मिळवावा. आकडे, नावे आणि मुदती ऐकून लिहिल्या असतील तर त्यांच्यापुढे खूण करावी आणि मूळ लिखिताशी ताडल्यावरच ती खोडावी. पंधरा आणि पंचवीस, साठ आणि सात हे ऐकताना सहज एकमेकांत मिसळतात. व्हिडिओ केव्हाही काढून टाकला जाऊ शकतो, म्हणून त्यातले जे पुढे लागणार आहे ते दुव्याच्या भरवशावर न ठेवता आपल्या शब्दांत वहीत उतरवून ठेवावे.